जुन्या गाडीच्या व्यवहारातील मौन

आपल्या दारात गाडी येऊन उभी राहिली की, ती नवी असो वा जुनी, शेजाऱ्यांचा आणि नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कितीला पडली?" आपण आकडा सांगतो. समोरचा म्हणाला, "अरे वा, स्वस्तात मिळाली की!" तर आपल्याला गाडीपेक्षाही त्या वाक्याचा आनंद अधिक होतो. आणि तो म्हणाला, "थोडे जास्तच दिलेत", तर हातातला पेढा कडू लागतो. ज्याच्याकडून आपण गाडी घेतली, त्याच्या घरी त्या संध्याकाळी काय बोलणे झाले असेल, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. आपणही नाही.

या संकेतस्थळासाठी हिंदी आणि इंग्रजीतून भाषांतर करताना काही मराठी शब्दांपाशी मी नेहमी अडतो. 'व्यवहार' हा त्यातला एक. पैशांची देवघेव म्हणजेही व्यवहार आणि माणसाचे वागणे म्हणजेही व्यवहार. "त्यांचा व्यवहार चोख आहे" असे म्हटले की दोन्ही अर्थ एकदम येतात, आणि दुसऱ्या भाषेत न्यायचे झाले तर त्यातला एक सोडावा लागतो. आपल्या भाषेत वस्तू विकण्यासाठी आणखीही शब्द आहेत. गाडी 'विकली' म्हणणे वेगळे, 'खपवली' म्हणणे वेगळे आणि 'गळ्यात मारली' म्हणणे तर अगदीच वेगळे. तिन्हींमध्ये पैसे तेवढेच येतात आणि कागदही तेच असतात. मग फरक नेमका कशात आहे?

मला वाटते, तो बहुतेक वेळा बोललेल्या खोट्यात नसून न बोललेल्या खऱ्यात असतो. तोंडावर खोटे बोलणे आपल्यापैकी अनेकांना जड जाते. पण गप्प बसणे सोपे असते, आणि गप्प बसलो तर आपण खोटे बोललो असे कोणी म्हणू शकत नाही.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. आमच्या अभ्यासात १८७२चा भारतीय करार कायदा असतो. त्याच्या १७व्या कलमात फसवणूक कशाला म्हणावे ते सांगितले आहे आणि शेवटी मौनाचा प्रश्न उदाहरणे देऊन सोडवला आहे. त्या काळी मोटारी नव्हत्या, म्हणून उदाहरणात घोडा आहे. 'अ' लिलावात 'ब'ला घोडा विकतो. घोड्यात दोष आहे हे 'अ'ला ठाऊक आहे, पण तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. विकत घेणाऱ्याने स्वतः पाहून घ्यावे, हा जुना नियम येथे चालतो.

पुढचे उदाहरण वाचताना मात्र मी थांबलो. घोडा तोच, दोष तोच, मौनही तेच. फक्त 'ब' ही 'अ'ची मुलगी आहे आणि नुकतीच वयात आली आहे. आता कायदा म्हणतो, या नात्यामुळे दोष सांगणे हे 'अ'चे कर्तव्य ठरते. म्हणजे जे मौन परक्यापुढे चालते तेच मुलीपुढे फसवणूक होऊ शकते. परीक्षेत या दोन उदाहरणांतला फरक लिहिला की गुण मिळतात. मला त्याहून मोठा प्रश्न पडला. घोड्याचा दोष तर बदललेला नाही. मग बदलले काय? बदलला तो फक्त आपण आखलेला आपलेपणाचा घेर. कायद्याने तो घेर लहान ठेवला आहे, आणि कायद्याला तो लहानच ठेवावा लागतो, कारण न्यायालय प्रत्येकाला प्रत्येकाचा बाप करू शकत नाही. पण आपण रोज प्रार्थनेत, सत्संगात, भाषणात ज्या विश्वकुटुंबाबद्दल बोलतो त्याचा घेर किती मोठा आहे, हे जुनी गाडी विकताना बरोबर कळते.

महाभारताच्या शांतिपर्वात तुलाधाराची कथा आहे. जाजली नावाचा तपस्वी इतका निश्चल उभा राहिला की पक्ष्यांनी त्याच्या जटांत घरटे केले, पिल्ले वाढली, उडून गेली. त्याला आपल्या तपाचा अभिमान झाला, तेव्हा त्याला वाराणसीतल्या एका दुकानदाराकडे शिकायला पाठवले गेले. तो दुकानदार म्हणजे तुलाधार. त्याच्या सांगण्यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही, की त्याचा तराजू सगळ्यांसाठी सारखा होता. मुलीसाठी एक माप आणि परक्यासाठी दुसरे, असे त्याच्याकडे नव्हते.

हे वाचायला सुंदर वाटते. आता गाडीकडे येऊ, कारण तेथे त्याची किंमत रुपयांत मोजावी लागते.

माझे एक काका बडोद्याला असतात. त्यांनी त्यांची २०१६ची लहान हॅचबॅक गाडी विकायला काढली. गाडी नीट ठेवलेली, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी केलेले. फक्त एकदा एका टेम्पोने तिला डाव्या बाजूने धडक दिली होती. मागचा दरवाजा बदलावा लागला, दोन दरवाजांमधला खांब ठोकून सरळ करावा लागला. विम्यातून काम झाले, रंग इतका छान बसला की सांगितल्याशिवाय कळू नये. एक तरुण जोडपे गाडी पाहायला आले, सोबत लहान बाळ. तीन लाखांवर बोलणे जवळजवळ ठरले. आत काकूंनी काकांना हळूच सांगितले, "विचारलं तर सांगा, नाहीतर कशाला उगाच." काकूंनी करार कायदा वाचलेला नाही, पण घोड्याचे पहिले उदाहरण त्यांनी अगदी अचूक सांगितले होते!

त्यांनी विचारले नाही. काकांनी स्वतःहून सांगितले आणि दुरुस्तीचे बिलही दाखवले. जोडप्याने आभार मानले, विचार करून कळवतो म्हणाले आणि पुन्हा आले नाहीत. त्यानंतर गाडी दीड महिना अंगणात उभी होती. शेवटी एका शिक्षकांनी ती दोन लाख पासष्ट हजारांना घेतली. काकू आजही ही पस्तीस हजारांची गोष्ट पाहुण्यांना चहासोबत सांगतात.

मी काकांना नंतर विचारले, तर ते एवढेच म्हणाले, "मागे डावीकडे कोण बसणार, ते मला समोर दिसत होतं."

वाचकहो, मी ही गोष्ट मुद्दाम तिच्या आकड्यांसह सांगितली आहे. प्रामाणिकपणाने शेवटी फायदाच होतो, अशा अर्थाची वाक्ये आपण फार ऐकतो आणि भाषांतरात मीही ती अनेकदा लिहिली आहेत. काकांच्या हिशेबात तसे घडलेले नाही. पस्तीस हजार गेले ते गेलेच, आणि त्या वर्षी ते त्यांना नको होते असेही नाही. प्रामाणिकपणाला आपण फायद्याची हमी जोडली, तर ज्या दिवशी फायदा होणार नाही त्या दिवशी तो सोडून देण्याचे कारणही आपणच तयार करून ठेवतो. मला अस्तेयाचा विचार येथे अधिक भक्कम वाटतो. योगसूत्रांतल्या पाच यमांमध्ये सत्यानंतर लगेच अस्तेय येते, म्हणजे चोरी न करणे. त्या जोडप्याने तीन लाख दिले असते, तर त्यातले पस्तीस हजार त्यांनी कशासाठी दिले असते? न झालेल्या अपघातासाठी. अपघात झाला आहे हे माहीत असते तर ते त्यांनी दिले नसते. माणसाने जाणून न दिलेले आपण घेतले, तर त्या घेण्याला काय म्हणायचे? पाकीट त्याने स्वतःच्या हाताने उघडले, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही.

येथे एक रास्त शंका येते. सगळेच सांगायचे का? मी किती खाली यायला तयार आहे, मला पैशांची घाई आहे का, हेही समोरच्याला सांगून टाकायचे? मग घासाघीस करायचीच नाही का?

माझे मत असे आहे. घासाघीस हे पाप नाही. माझा शेवटचा आकडा माझ्या खिशाबद्दल आहे, तो माझ्यापाशी ठेवण्याचा मला अधिकार आहे. समोरच्यालाही तोच अधिकार आहे आणि दोघांनाही हे ठाऊक असते. पण गिअरबॉक्समधला आवाज माझ्या खिशाबद्दल नाही, तो त्या वस्तूबद्दल आहे, आणि उद्यापासून ती वस्तू त्याची होणार आहे. तिच्याबद्दलची माहिती तिच्याबरोबरच जायला हवी, जशी दुसरी चावी जाते. मात्र "दुसरा एक जण तीन लाख दहा हजार द्यायला तयार आहे" असे म्हणणे, जेव्हा असा कोणी दुसरा अस्तित्वातच नसतो, हे मौनही नाही आणि घासाघीसही नाही. त्याला साध्या मराठीत खोटे बोलणे म्हणतात.

आतापर्यंत विकणाऱ्याबद्दल बोललो. विकत घेणाऱ्याला आपण नेहमी भोळा समजतो, पण तो तसा असेलच असे नाही. नव्या गाडीच्या शोरूममध्ये आपल्यासमोर बसलेला विक्री प्रतिनिधी पुष्कळदा माझ्याच वयाचा असतो, आणि महिन्याच्या शेवटी त्याला ठरलेल्या संख्येचा हिशेब द्यायचा असतो. त्याला आपण सांगतो, "पलीकडच्या शोरूममध्ये वीस हजार कमी सांगितलेत." खरोखर सांगितले असतील तर जरूर सांगावे. पण बरेचदा ते आपणच पार्किंगमध्ये ठरवलेले असतात. जुनी गाडी घेतानाही असेच चालते. गाडी मनात भरलेली असते, तरी आपण तोंड वाकडे करून टायर लाथेने दाबून पाहतो, नसलेला आवाज ऐकू येतो म्हणतो, मेकॅनिक मित्राला आधीच डोळा मारून ठेवलेला असतो. वस्तूचा असलेला दोष लपवणे आणि नसलेला दोष चिकटवणे, या दोन्हींनी किंमत खोटीच होते.

त्याहून अवघड प्रसंग तो, जेव्हा विकणाऱ्यालाच वस्तूची किंमत माहीत नसते. घरातला गाडी चालवणारा माणूस गेलेला असतो, गाडी जेमतेम वीस हजार किलोमीटर चाललेली असते, आणि त्यांची पत्नी म्हणते, "दीड लाख द्या म्हणजे झालं." आपल्याला बाजारभाव अडीच लाख आहे हे ठाऊक असते. तेव्हा आपण काय करतो? बहुतेक लोक मनात देवाचे आभार मानतात आणि लगेच आगाऊ रक्कम देतात. त्या क्षणी देवाचे नाव घेणे मला थोडे विचित्र वाटते.

रोममध्ये इसवी सनापूर्वी ४४ साली सिसेरोने कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात तो अशाच एका खरेदीदाराचा उल्लेख करतो. स्केव्होला नावाच्या कायदेपंडिताला एक जमीन घ्यायची होती. त्याने मालकाला एकदाच काय ती किंमत सांगायला लावली. मालकाने सांगितली. स्केव्होला म्हणाला, माझ्या मते जमिनीचे मोल याहून जास्त आहे, आणि त्याने आपण होऊन एक लाख नाणी अधिक दिली. सिसेरो पुढे लिहितो की, हे वागणे सज्जनाचे आहे असे सगळेच मान्य करतात, पण शहाण्याचे आहे असे मानत नाहीत. दोन हजार वर्षे झाली, आपल्या सोसायटीच्या कट्ट्यावरही निकाल हाच लागेल. सज्जन आणि शहाणा हे दोन वेगळे लोक आहेत असे आपण गृहीत धरले आहे, आणि मुलांना त्यातला कोण व्हायला सांगतो हेही उघड आहे.

आपण अडीच लाख पूर्ण द्यावेत असे मी म्हणत नाही. पण "ताई, तुम्ही किंमत फार कमी सांगताय, एकदा दुसऱ्या कोणाला विचारून घ्या" एवढे वाक्य बोलायला किती धैर्य लागते ते पाहावे. हीच गोष्ट गरजेची. कोणाला उद्या रुग्णालयात पैसे भरायचे आहेत हे कळल्यावर आपला आकडा पन्नास हजारांनी खाली आला, तर तो गाडी पाहून आलेला नसतो.

याच ग्रंथात सिसेरोने एक धान्याच्या व्यापाऱ्याचा प्रश्न मांडला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. हा व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन आला आहे, आणि आपल्या मागून आणखी बरीच जहाजे येत आहेत हे त्याला माहीत आहे. त्याने लोकांना ते सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने माल विकावा? डायोजिनिस हा तत्त्वज्ञ म्हणतो, कायदा सांगायला लावतो तेवढे दोष सांगितले की पुरे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, घेणाऱ्याला सर्व काही कळले पाहिजे. सिसेरो शिष्याच्या बाजूने जातो. आपल्या १७व्या कलमात मात्र असेही एक उदाहरण आहे की दोन व्यापाऱ्यांपैकी एकाला भावबदलाची आतली बातमी असेल, तर ती दुसऱ्याला सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही. म्हणजे कायदा येथे गुरूच्या बाजूचा आहे.

हा प्रश्न २०२५मध्ये आपल्याकडे घरोघरी आला होता. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी करण्याची घोषणा झाली, ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने निर्णय घेतला आणि २२ सप्टेंबरपासून तो लागू झाला. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंत इंजिनाच्या लहान पेट्रोल गाडीवर आधी २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर होता, तो एकूण १८ टक्के झाला. कराआधी पाच लाखांची असलेली गाडी ६ लाख ४५ हजारांवरून ५ लाख ९० हजारांवर आली. ५५ हजारांचा फरक. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही उतरणारच. आता समजा, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपली तीन वर्षांची गाडी घ्यायला एक गृहस्थ आले आणि ते जुन्याच भावाने पैसे मोजू लागले. बातमी तर सगळ्या वर्तमानपत्रांत आहे, मग ती आपण सांगायची का?

येथे मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. बातमी लपवलेली नाही, उघड आहे. भाव पुढे काय होईल हे गाडीच्या आतले सत्यही नाही, आणि जगातल्या प्रत्येक बातमीची जबाबदारी विकणाऱ्यावर टाकता येत नाही. समोर गाड्यांचा व्यापारी असता तर मी गप्प राहण्यात काही गैर मानले नसते. पण आलेला माणूस वर्तमानपत्र न वाचणारा आहे, कर्ज काढून आयुष्यातली पहिली गाडी घेतो आहे, हे बोलण्यातून कळले असेल, तर आपण गप्प राहतो ते बातमी उघड आहे म्हणून नव्हे, तर त्याच्यासाठी ती उघड नाही म्हणून. हे कारण स्वतःशी मोठ्याने म्हणून पाहावे. मला ते म्हणवत नाही.

अर्थशास्त्रात या मौनाचा मोठा अभ्यास झाला आहे, आणि योगायोग असा की तोही जुन्या गाड्यांवरच आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७०मध्ये एक निबंध लिहिला, २००१मध्ये त्यांना आणखी दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. गाडीतला दोष विकणाऱ्याला माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा प्रत्येक गाडी थोडी संशयाने पाहतो आणि सरासरी किंमतच देऊ करतो. ज्याची गाडी खरोखर चांगली आहे त्याला तेवढ्यात विकणे परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. मग उरलेल्यांत खराब गाड्यांचे प्रमाण वाढते, संशय वाढतो, किंमत आणखी उतरते. मला यात नैतिक भाग असा दिसतो की, आपल्या मौनाचे नुकसान फक्त त्या एका खरेदीदाराला होत नाही. ज्याने गाडी जिवापाड जपली आणि खरे सांगितले, अशा आपल्याला कधीही न भेटणाऱ्या विक्रेत्यालाही आपण थोडे थोडे लुबाडत असतो. काकांच्या पस्तीस हजारांतला काही वाटा त्यांच्या आधी गप्प राहिलेल्या लोकांनी नेला असावा.

सगळी जबाबदारी समोरच्याच्या सत्यावर टाकून आपण डोळे मिटून गाडी घ्यावी, असा याचा अर्थ नाही. करार कायद्याचे १९वे कलम म्हणते की साधी काळजी घेतली असती तर दोष कळला असता, अशा ठिकाणी मौनाची तक्रार करून करार मोडता येत नाही. आणि डोळे मिटून विश्वास ठेवणे यात अध्यात्म काही नाही, कित्येकदा तो निव्वळ आळस असतो. गाडी सकाळी इंजिन थंड असताना सुरू करून पाहावी. मीटरवर तीस हजार दिसत असतील पण पेडलचे रबर झिजून गुळगुळीत झाले असेल, तर मीटर मागे फिरवलेले असू शकते. सर्व्हिसिंगच्या नोंदी मागाव्यात. टायरच्या कडेला चार आकडी संख्या असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. पुरात बुडालेली गाडी ओळखायची तर सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहावा, धुतलेल्या गाडीतही त्याच्या आतल्या टोकाला चिखलाचा डाग राहू शकतो. २६ जुलै २००५ला मुंबईत आणि डिसेंबर २०१५मध्ये चेन्नईत किती गाड्या पाण्याखाली गेल्या हे आपण पाहिले आहे, आणि बुडालेली गाडी दूरच्या गावात नेऊन विकणे अवघड नसते. कर्ज, विमा आणि थकलेली चलने सरकारी परिवहन संकेतस्थळावर तपासता येतात.

एवढे सगळे करूनही एक गोष्ट करायची राहते, आणि ती मला सर्वांत उपयोगी वाटते. सरळ विचारावे. घोड्याचे तिसरे उदाहरण हेच आहे. 'ब' म्हणतो, तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन. 'अ' गप्प राहतो. येथे कायदा म्हणतो, त्याचे मौन हे बोलण्यासारखेच आहे. म्हणून गाडी पाहून झाल्यावर शांतपणे म्हणावे, "दादा, हिचा अपघात झालेला नाही, ही पाण्यात गेलेली नाही आणि इंजिन उघडलेले नाही असे मी धरून चालतोय. काही असेल तर आत्ताच सांगा, मी रागावणार नाही, पाहिजे तर किंमत पुन्हा बोलू." यातला शेवटचा भाग फार महत्त्वाचा आहे. पुष्कळ लोक मनाने वाईट नसतात. स्वतःहून दोष सांगायला त्यांची जीभ उचलत नाही एवढेच. आपण विचारले की त्यांना खरे बोलण्याची वाट मिळते. आपला पैसाही वाचतो आणि त्यांची झोपही.

व्यवहार चावी दिल्यावर संपत नाही, हेही थोडे सांगितले पाहिजे. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ते महिनोन्महिने दप्तरात ठेवणारे खरेदीदार पुष्कळ आहेत. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने हस्तांतराची माहिती १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला द्यायची असते. गाडी बडोद्याहून पुण्याला जाणार असेल तर ना हरकत प्रमाणपत्रही लागते. हा सगळा कंटाळा आहे, मान्य. पण नोंदणी पुस्तकात ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक आणि अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे आपल्या आळसामुळे, ज्याने आपल्याला विश्वासाने गाडी दिली त्याच्या दारात एखाद्या दिवशी न्यायालयाची नोटीस येऊ शकते. विकणाऱ्यानेही पैसे मिळाले की फोन उचलणे बंद करू नये.

एक प्रश्न मी अजून सोडवू शकलेलो नाही. जुनी गाडी शोरूममध्ये बदलून नवी घेताना त्यांचा तज्ज्ञ तासभर गाडी तपासतो, यंत्र लावतो, आणि आपल्या मते फारच कमी किंमत लावतो. तेव्हा न दिसलेला दोष त्याला सांगायचा का? माझे मित्र म्हणतात, तपासण्याचाच तो पगार घेतो. काका म्हणतात, ती गाडी शोरूमवाला स्वतः चालवणार आहे थोडाच, ती पुढे कोणाच्या तरी घरी जाणार. मला काकांचे पटते. पण आमच्या घरची गाडी पुढच्या दिवाळीला बदलायची आहे, तिचा क्लच गेल्या महिन्यापासून कुरकुरतो आहे, आणि बाबांनी अजून काही ठरवलेले नाही.